चालू स्थितीत

रात्री अकरा एकोणसाठला
मी एका माणसाला हरवलं.
त्याचं नाव र, मग तीन चांदण्या, मग नऊ.
एवढंच दाखवतात.
मी तीन हजार म्हटलं, तो तीन हजार शंभर.
मी दोनशे, तो तीनशे.
शेजारी हे घोरत होते
आणि मी, रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावर,
चादरीखाली मोबाइल लपवून
चोरून पत्ते खेळल्यासारखी घामाघूम.
चार हजार सहाशे.
नऊ सेकंद. आठ.
र गप्प.
अभिनंदन, असं आलं स्क्रीनवर, फटाक्यांसकट.

वर्णनात लिहिलं होतं:
लाकडी रेडिओ, व्हॉल्व्हचा, अस्सल,
चालू स्थितीत,
वजन सात किलो,
वयोमानानुसार किरकोळ खुणा.
चार फोटो. चारही समोरून.

एकतीस वर्षं पोस्टात, बचत खात्याच्या खिडकीशी,
मी सह्या जुळवल्या आहेत.
मेलेल्या बापाची सही ठोकणारा मुलगा
एका ळच्या वळणावरून पकडला होता.
तीच मी.
मला म्हणता आलं असतं, पाठ दाखवा.
मला बघायला आलेल्यांनी तर
चालून दाखव म्हटलं होतं.

खोका देवास नाक्यावरून आला, मंगळवारी.
जड होता. जड म्हणून खरा वाटला.
बटण फिरवलं. काचेमागे पिवळा उजेड पडला,
गावं उजळली, कोलंबो, लाहोर, रंगून,
आणि आवाज नाही.
खरखरसुद्धा नाही.
खरखर तरी हवी होती.

जेल रोडवर मुस्तनसिरभाईंनी चार स्क्रू काढले,
आत बघितलं,
चष्मा कपाळावर चढवला.
"मॅडम, मकान तो है. रहनेवाला कोई नहीं."
आत दिवाळीच्या माळेतला एक बल्ब
डिंकानं चिकटवलेला,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या
दोन विटा.

वजनाबद्दल तो खोटं बोलला नव्हता.

तक्रार केली. उत्तर आलं, हात जोडलेल्या चित्रासह:
चालू म्हटलं होतं, ताई, वाजतो म्हटलं नव्हतं.
दिवा लागतो ना?
लागतो.
यावर काय लिहायचं ते मला सुचेना.
निवृत्त झाल्यापासून मलाही लोक विचारतात, कसं काय,
मी सांगते, चालू आहे.

पैशांचं एवढं नाही.
र मात्र डोक्यातून जात नाही.
कुठल्या गावचा, कुठल्या पलंगावर बसलेला,
शेवटच्या आठ सेकंदांत त्यानं हात का आखडला,
बायको जागी झाली
की हप्त्याची तारीख आठवली?
हरला म्हणून उपाशी झोपला असेल बिचारा.
त्याला कळवायला हवं,
बाबा रे, सुटलास.

हे मी मुस्तनसिरभाईंना सांगितलं
तर ते हसले नाहीत. कट चहा मागवला.
मग स्क्रू एकेक करून परत लावत, खाली बघत,
"कधी कधी, मॅडम, तो दुसरा
विकणाऱ्याचाच दुसरा मोबाइल असतो."

चहावर साय धरली.

म्हणजे त्या रात्री समोर कोणीच नव्हतं,
आणि मी जिंकले.

नाही. हे मी मानत नाही.
सही जुळली नाही तर कागद परत करायचा,
हा नियम मला पाठ आहे.
पण जिथं सहीच नाही, तीन चांदण्या आहेत फक्त,
तिथं नाकारणार तरी काय?
तो आहे, असं धरून चालले आहे मी.

एक वीट गॅलरीच्या दाराला लावली,
दुसरी तुळशीखाली.
रेडिओ फ्रिजवर ठेवलाय.
रात्री भांडी आवरली की बटण फिरवते,
कोलंबो उजळतं, रंगून उजळतं,
मी काटा हळूहळू सरकवत नेते
या गावाकडून त्या गावाकडे.
आतल्या खोलीतून हे विचारतात,
"लागलं का काही?"

"थांबा," मी म्हणते.
"बोलू नका जरा."